बोटभर वायर

१

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर मेला होता. त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.

मास्तरांनी बेल्ट सैल करून पुली फिरवून पाहिली. ती सुखाने फिरली. मग पुलीच्या तोंडावरची क्लचची चकती फिरवायला गेले, तर ती तसूभरही हलेना. आतला दांडा जागच्या जागी चिकटला होता. बॉनेटखाली जळक्या बेल्टचा वास अजून रेंगाळत होता. गेज लावलं, तर काटा शून्यावर. पाइपात गॅस नावालासुद्धा नव्हता.

“कोरडा चालला,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. ते सगळंच हळू आवाजात म्हणत. त्यामुळे बावीस वर्षांत या वर्कशॉपमधल्या लोकांना त्यांच्याजवळ येऊन ऐकायची सवय लागली होती, आणि ज्यांना ती लागली नाही त्यांनी ऐकणंच सोडून दिलं होतं.

“कोरडा कसा चालेल?” मालकांनी विचारलं. “गॅस संपला की तो आपोआप बंद पडतो ना? त्यासाठीच तर स्विच असतो.”

खरं होतं. पाइपावर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. आतला गॅस कमी झाला की तो कॉम्प्रेसरची वीज तोडतो. गॅसबरोबरच तेल फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि तेलाशिवाय कॉम्प्रेसर चालला तर स्वतःलाच खाऊन टाकतो. स्विचचं काम एवढंच, की त्याला तसं मरू द्यायचं नाही.

मास्तरांनी पंख्याच्या मागे हात घातला. स्विच सापडला, पण त्यावर प्लग नव्हता. प्लग पाइपाच्या मागे लोंबकळत होता. त्यांनी तो उजेडात ओढला.

प्लगच्या दोन्ही भोकांत मिळून एक पिवळी वायर खोवली होती. फार तर बोटभर लांब.

हा जंपर. एसी दुरुस्त करणारे सगळेच तो वापरतात. कॉम्प्रेसर चालू होत नसेल, तर स्विचचा प्लग काढायचा आणि त्यात वायर अडकवून स्विचला क्षणभर बाजूला सारायचं. कॉम्प्रेसर चालू झाला, तर बिघाड स्विचमध्ये नाहीतर गॅसमध्ये. नाही झाला, तर वीज पुढेच कुठेतरी अडली आहे. एवढं कळलं की वायर काढायची आणि प्लग परत स्विचवर बसवायचा. काढली नाही, तर कॉम्प्रेसरला कधी थांबायचं ते सांगणारं कुणी उरत नाही.

ही वायर कुणी काढली नव्हती.

मालक ती बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी पलीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पिवळ्या वायरचं भलंमोठं रीळ टांगलेलं होतं, आणि त्याच्याखाली करंट बसली होती.

२

करंट म्हणजे वर्कशॉपची इलेक्ट्रिशियन. तिशीची, काटक बाई. नाव पहिल्याच आठवड्यात पडलं. गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या पत्रेवाल्याने तिला विचारलं, “बाईमाणसाला विजेची भीती नाही वाटत?” तिने उत्तर दिलं, “विजेची नाही. बिनडोक माणसांची वाटते.” त्या दिवसापासून ती करंट.

“शनिवारी संध्याकाळी तिचा हिशोब करून टाकतो,” मालक ऑफिसात दार लोटून म्हणाले. “वायर तिची. शेवटी बॉनेट उघडलं तिने, हेडलाइट बदलायला, तीन आठवड्यांपूर्वी. अजून काय हवं?”

मास्तर उभेच होते. मालकांसमोरच्या खुर्चीवर ते कधी बसत नसत.

“तिने जंपर कशाला लावावा? तिला एसीचं काम नव्हतं.”

“ते तिला विचारा. मास्तर, ही गाडी ज्यांची, त्या सिस्टरांचे यजमान एसी बंद पडून भर दुपारी रस्त्यात बेशुद्ध पडले. आधीच दम्याचा माणूस. काचा खाली करून बाईंनी दवाखाना गाठला म्हणून निभावलं. आता त्या विचारतात, हे कुणी केलं? मी काय सांगू?”

“आधी गाडी माझ्याकडेही होती,” मास्तर म्हणाले. “दोन महिन्यांपूर्वी. गॅस मीच भरला.”

मालक हसले. त्यांनी फाइलीतून जुनं जॉबकार्ड काढलं. कार्डावर मास्तरांच्या सहा ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण. सहावी ओळ होती: *जंपर काढला, प्लग बसवला.*

“ही पद्धत तुम्हीच पाडलीत. काम झालं की खूण, खुणेशिवाय पुढचं काम नाही. तुमचा हात लागलेली गाडी परत आलीय कधी? तुमच्यानंतर कुणीतरी घोळ घातलाय.” त्यांनी कार्ड परत फाइलीत ठेवलं. “तुम्ही त्या वाचनालयातून एवढ्या रहस्यकथा आणता. शोधा की. शनिवारपर्यंत.”

तो गुरुवार होता.

मास्तर एका खोलीत एकटेच राहत. एक खुर्ची, एक टेबल. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर पुस्तकं बसलेली. त्या संध्याकाळी त्यांनी कागद घेतला, खिशातल्या छोट्या चाकूने पेन्सिलीला टोक काढलं आणि तीन संशयित लिहिले: मालक, पत्रेवाला, करंट. पुस्तकातले गुप्तहेर असं करताना कसे रुबाबदार दिसत! आपण मात्र यादी करणाऱ्या कारकुनासारखे दिसत असणार, असं त्यांना वाटलं. मग लक्षात आलं, कसेही दिसलो तरी बघायला कोण आहे? ते उठले आणि उगीचच रेडिओ लावला.

३

“मी?” पत्रेवाला कानशील खाजवत म्हणाला. “महिन्यापूर्वी बंपर काढला, ठोकला, बसवला. वायरला मी हात लावत नाही मास्तर, बायकोची शपथ.”

“बायकोची कशाला? स्वतःची घे.”

“माझं काही झालं तर घर कोण चालवणार?”

मास्तरांना हसू आलं. “बरं. वायर सोलायची वेळ आली तर कशी सोलतोस?”

पत्रेवाल्याने दात दाखवले. पुढच्या दातांत सोयीस्कर फट होती. शेजारीच त्याने जोडलेला टेस्टलॅम्प पडला होता. त्याच्या वायरीची टोकं चावून चपटी झालेली.

मालकांना विचारायला मास्तरांना अर्धा दिवस लागला. दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. शेवटी मालकांनीच हाक मारली.

“काय मास्तर, माझ्यावर संशय?”

“तसं नाही… म्हणजे, तसंच. तुम्ही गाडी चालवून बघता. कधीकधी… जुगाड करता.”

“करतो की!” मालक खूश झाले. “पण मला सोलत बसायला वेळ कुठे? लायटर लावला, प्लास्टिक जाळलं, फडक्याने पुसलं. झालं.” त्यांच्या टेबलाच्या घंटीची वायर त्यांनीच जोडली होती. तिची टोकं काळीठिक्कर होती.

करंट मात्र बोलायलाच तयार नव्हती. ती एका डॅशबोर्डखाली आडवी झाली होती. नुसते बूट बाहेर दिसत होते.

“बोला. फाशी कधी आहे?”

“अजून ठरलेलं नाही काही.”

“ठरलंय. मला पत्रेवाल्याने सांगितलं. शनिवारी सहा वाजता.” बूट हलले, ती बाहेर आली. डोळे लाल होते, धुळीने की कशाने ते सांगता येत नव्हतं. “मास्तर, या गावात मी कुणाला ओळखत नाही. हॉस्टेलवर खोली आहे, आणि हे काम आहे. मागच्या दोन वर्कशॉपनी दारातच सांगितलं होतं, बाई नको. इथून ‘गाडी बिघडवली’ म्हणून काढलं, तर पुढच्या दारापर्यंत तरी पोचेन का?”

कुणी मनातलं बोलायला लागलं की मास्तरांची नजर नेहमीच जमिनीवर जाई.

“तू वायर कशी सोलतेस?” त्यांनी विचारलं.

ती बघतच राहिली. मग खिशातून तिने पक्कड काढली, वायर धरली, दाबली, ओढली. प्लास्टिकची छोटीशी टोपी निघून आली. कापलेली कड एकदम गोल, सुरीने कापलेल्या काकडीसारखी स्वच्छ.

“अशी. नेहमी अशीच. का?”

मास्तरांनी खिशातली ती पिवळी वायर काढली. तिच्या टोकांवरचं प्लास्टिक उभं, तिरकं तासलेलं होतं. थराथराने.

“कारण ही तू सोललेली नाहीस,” ते म्हणाले.

करंटच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा जीव आला. “मग कुणी?”

दातांनी नाही. लायटरने नाही. पकडीने नाही. मास्तरांचे तीन संशयित होते, आणि आता एकही उरला नव्हता.

४

शनिवारी सकाळी सिस्टर आल्या. निवृत्त नर्स, पन्नास वर्षं लोकांना सुया टोचून आवाजात एक प्रकारची आज्ञा आलेली. त्या थेट मास्तरांच्या स्टुलावर बसल्या.

“यजमान कसे आहेत?”

“घरी आलेत. कुरकुर करतायत, म्हणजे बरे आहेत. विचारा काय विचारायचं ते.”

“मधल्या दोन महिन्यांत गाडी दुसरीकडे कुठे नेली होती का? रस्त्यात कुणी बॉनेट उघडलं?”

“कुणीही नाही.”

“पेट्रोल पंपावर? शेजाऱ्याने मदत म्हणून?”

“अहो, औषध कुणाला किती वाजता दिलं हे मी आयुष्यभर लिहीत आले. गाडी कुणी उघडली ते मला आठवणार नाही? तुमचं वर्कशॉप सोडून कुणीही नाही.” मग त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं. “तुम्हाला ते बाहेरच्याच कुणीतरी केलेलं हवं होतं, नाही का?”

मास्तरांनी मान हलवली. हवं होतं. खूप हवं होतं. बाहेरच्या कुणी अनोळखी माणसाने केलं असतं, तर संध्याकाळी कुणालाच जायला लागलं नसतं.

“मी सहाला येते,” सिस्टर उठल्या. “मला नाव हवंय. शिक्षा नको, पण नाव हवं. निदान त्या माणसाला कळायला तरी हवं.”

५

दुपारी सगळे जेवायला गेले. मास्तरांनी डबा उघडला नाही. गॅस नेमका कुठून गळाला तेवढं तरी बघावं, म्हणून ते गाडीकडे गेले. उत्तर नसलं की हाताला काम द्यावं, ही त्यांची जुनी युक्ती.

त्यांनी बॉनेटवरून जाड ताडपत्री ओढून खाली अंधार केला, आत डोकं घातलं आणि जांभळा दिवा लावला. गळती शोधताना गॅसमध्ये एक रंग सोडतात. साध्या उजेडात तो दिसत नाही. जांभळ्या दिव्याखाली पोपटी चमकतो. गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या कोपऱ्यात, दगड लागून चेपलेल्या जागी तेलाचा डाग होता. गळती तीच. पण डाग चमकला नाही. बरोबर, या गाडीत रंग घातलाच नव्हता. पहिल्या खेपेला मास्तर नुसता गॅस भरत. परत कमी झाला, तरच रंग.

मग काठावर काहीतरी चमकलं.

त्यांना वाटलं, भास. दिवा जवळ नेला. मडगार्डवर त्यांनी ती पिवळी वायर ठेवली होती. तिच्या मधोमध दोन पोपटी ठिपके होते. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोट.

मास्तर तसेच वाकून राहिले.

गाडीत रंग नव्हता, म्हणजे तो गाडीतून आलेला नव्हता. हातावरून आला होता. रंगाची बाटली एकाच कपाटात असते. ती कुणी उसनी नेत नाही, कारण रंग कपड्यावरून निघत नाही. आणि गेला महिनाभर ती कपाटाबाहेर आलीच नव्हती. त्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे.

त्यांनी खिशातून चाकू काढला. रिळाखालून वायरचा तुकडा उचलून आणला आणि काही विचार न करता, हाताला येईल तसा सोलला. पेन्सिलीला टोक काढावं तसा. उभा, तिरका, थराथराने.

दोन तुकडे शेजारी ठेवले असते, तर भाऊ-भाऊ दिसले असते. ते ठेवायचीही गरज नव्हती. तीन दिवस ते साऱ्या जगाला विचारत होते, तू वायर कशी सोलतोस? एका माणसाला विचारायचं राहिलं होतं.

पण खुणा? सहा खुणा होत्या!

ते ऑफिसात गेले. कार्ड काढलं. पहिल्या तीन खुणा जाड, बोथट, आणि प्रत्येकीशेजारी ग्रीसच्या बोटाचा पुसट ठसा. पुढच्या तीन बारीक, टोकदार, एकसारख्या. कागद तिथे स्वच्छ. म्हणजे तीन कामं झाल्यावर मध्ये कुठेतरी हात धुतले, पेन्सिलीला टोक काढलं आणि उरलेल्या तीन खुणा बसल्या जागी ओढल्या.

असं मी कधीच करत नाही, असं ते स्वतःशी म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं, असं आपण एकदा केलं होतं.

त्या दिवशी फोन वाजला होता.

६

सहा वाजता सगळे ऑफिसात होते. सिस्टर खुर्चीवर, करंट दाराशी पिशवी भरून तयार, पत्रेवाला खिडकीत. मालकांनी विचारलं, “बोला मास्तर. कोण?”

“मी.”

“हो, तुम्हीच बोला.”

“नाही. म्हणजे, मीच तो. वायर मी ठेवली.”

त्यांनी दिवा दाखवला, वायर दाखवली, कार्डावरच्या खुणा दाखवल्या. आवाज आणखीच खाली गेला होता आणि सगळे पुढे वाकून ऐकत होते. पत्रेवाला म्हणाला, “छे, मास्तर तिला वाचवायला बघतायत.” मग त्याने दिव्याखाली पुन्हा पाहिलं आणि परत खिडकीत जाऊन बसला.

“पण विसरलात कसे?” मालक. “तुम्ही?”

हेच सांगायचं नव्हतं. मास्तर भिंतीकडे बघून बोलू लागले.

“फोन आला. माझा फोन वाजत नाही सहसा. कुणी बाई होत्या. म्हणाल्या, काका, जेवलात का? रॉंग नंबर होता. मी तसं सांगणार होतो. पण त्या म्हणाल्या, आवाज बसलाय का तुमचा? मी म्हटलं, हो, थोडा. मग त्यांनी विचारलं, कसला खडखडाट चाललाय? मी म्हटलं, बाहेर काम चाललंय. त्यांच्या मुलीच्या परीक्षेचं सांगितलं. नवीन पडदे घेतले ते सांगितलं. मी हो, हो म्हणत गेलो. सात मिनिटं.” त्यांनी हातातलं कार्ड टेबलावर ठेवलं. “मग हात धुतले आणि बाकड्यावर जरा बसून राहिलो. बरं वाटत होतं. काम संपलंय असंच वाटत होतं. कार्ड पुरं केलं आणि बॉनेट बंद केलं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

करंटने पिशवी खाली ठेवली. “दोन रात्री मी डोळा मिटलेला नाही,” ती म्हणाली. “तुमचे पडदे राहू देत बाजूला. दोन रात्री.”

“हो.”

“मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही.”

“नको करूस.”

मालक बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. तिला ज्या कारणासाठी काढणार होते, त्याच कारणासाठी यांना ठेवायचं कसं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी ते करंटकडे वळून म्हणाले, “चुकून तुझं नाव घेतलं. ते मी सोमवारी सगळ्यांसमोर परत घेतो. आणि मास्तर, सोमवारपासून तुमच्या गाडीचं बॉनेट तुम्ही बंद करायचं नाही. ती बघेल, ती बंद करेल. तिने नाही म्हटलं, तर तुम्ही घरी.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मुद्दाम वेळ घेतला.

“बघेन,” ती म्हणाली. “पण खूण पेनाने करायची. पेन्सिलीने नाही.”

मास्तरांनी मान हलवली. सुटलो, असं त्यांना वाटणार तोच सिस्टरांनी विचारलं, “त्या बाईंनी अजून काय विचारलं होतं?”

“अजून?”

“काकांना फोन करणारी पुतणी नुसतं जेवलात का विचारून थांबत नाही. गोळ्यांचं विचारलं?”

मास्तरांचा चेहरा उतरला. “विचारलं. गोळ्या घेतल्या का म्हणून.”

“आणि तुम्ही?”

“हो म्हटलं.”

पन्नास वर्षं ज्या नजरेने सिस्टरांनी वॉर्ड चालवला असेल, त्या नजरेने त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. कुठेतरी एक खराखुरा म्हातारा होता. त्याच्या वतीने कुणीतरी हो म्हणून टाकलं होतं.

मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि त्या दिवशीचा नंबर शोधू लागले. करंटने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. दोन महिन्यांच्या यादीत आलेले फोन पाचच होते. नंबर शोधायला वेळ लागला नाही. तिने तो लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

एका मुलीने उचलला. “आई, कुणीतरी आजोबा आहेत.” मग तो ओळखीचा आवाज आला. मास्तरांनी जमेल तसं सांगितलं.

“तो फोन तुम्ही घेतला होता?” ती सावकाश म्हणाली. “माझा फोन बंद होता म्हणून मुलीच्या फोनवरून लावला होता, नंबर पाठ होता तसा. संध्याकाळी काकांकडे गेले, तर गोळ्या तशाच. मी म्हटलं, दुपारी तर घेतल्या म्हणालात. ते म्हणाले, तुझा फोन आलाच नाही. आम्हाला वाटलं, त्यांना आता आठवत नाही. खूप भांडले हो ते. तेव्हापासून त्यांना एकटं बाहेर सोडत नाही आम्ही. घराची किल्लीसुद्धा काढून घेतली.” तिचा आवाज चिरकला. “थांबा. ते आज इथेच आहेत. त्यांना सांगा. तुम्हीच सांगा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कुणाचा तरी जड श्वास.

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोन, खोटं, सात मिनिटं.

“अस्सं!” म्हातारा गरजला. आवाज करंटपर्यंत, खिडकीतल्या पत्रेवाल्यापर्यंत पोचला. “दोन महिने! दोन महिने मला वेडा ठरवलं! फिरायला जायचं तर सोबत माणूस! माझ्याच दाराची किल्ली मागावी लागते मला, आणि तुम्ही तिकडे माझ्या नावाने गप्पा मारत होतात?”

“हो.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते.”

म्हातारा थांबला नाही. किल्लीचं झालं, डॉक्टरांनी विचारलेल्या पोरकट प्रश्नांचं झालं, मग सुटलेल्या बागेतल्या बाकाचं आणि त्यावर आता दुसराच कुणी बसत असेल त्याचं. मालकांनी ऑफिसचे दिवे मालवायला सुरुवात केली. सिस्टर निघाल्या; जाताना त्यांनी मास्तरांच्या खांद्याला हात लावला की नुसता दाराचा आधार घेतला, ते कळलं नाही. करंट पिशवीतलं सामान परत आपल्या कप्प्यात लावत होती.

मास्तर मालकांसमोरच्या त्या खुर्चीवर बसले. फोन कानाला होता. पलीकडचा आवाज ओरडून ओरडून बसत चालला होता.

“ऐकताय ना?” म्हाताऱ्याने मध्येच, काहीशा धास्तीने विचारलं.

“ऐकतोय,” मास्तर म्हणाले. “बोला.”